दुरुस्त केलेली इंग्रजी चूक परत परत का येते, आणि तिचं काय करायचं

संध्याकाळच्या वर्गात एका सिस्टरचा कागद तपासत होते. मिरजेत आठ वर्षं वॉर्डात काम केलेली मुलगी, हाताला चपळ, डोक्याने शांत. परदेशात नोकरी करायची म्हणून ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करते आहे. कागदावरचं पहिलंच वाक्य होतं: 'द पेशंट हॅज फीवर सिन्स थ्री डेज.' हेच वाक्य मी तिला जूनमध्ये दुरुस्त करून दिलं होतं, जुलैतही दिलं होतं. नियम तिला येतो. विचारलं की उदाहरणासकट सांगते. पण हात लिहायला लागला की 'सिन्स'च उतरतो.

ती रडवेली झाली होती. "मॅडम, माझ्या डोक्यात बसतच नाही," म्हणाली. मी तिला म्हटलं, डोक्यात आधीपासून जे बसलंय ते आपण एकदा बघू या. त्या दिवशी तिच्याबरोबर जे केलं, तेच इथे लिहिते आहे. ज्यांचं इंग्रजी चालतं, कामं होतात, पण पाच-सात चुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

माझं निदान एवढंच आहे: परत येणाऱ्या चुकीच्या खाली बहुतेक वेळा एक अगदी बरोबर मराठी वाक्य असतं. आपण वरचं इंग्रजी पुसून नवं लिहितो, खालचं मराठी तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून तीच चूक उगवते. म्हणून दुरुस्त इंग्रजी वाक्य पाठ करत बसू नका. ती चूक कुठल्या मराठी शब्दातून येते तो शब्द शोधा, आणि पहारा तिथे बसवा.

पासून

कुठल्याही ओपीडीत केसपेपर चाळा, 'फीवर सिन्स थ्री डेज' सापडेल. मराठीत आपण "सोमवारपासून ताप आहे" म्हणतो आणि "तीन दिवसांपासून ताप आहे" असंही म्हणतो. एकच 'पासून' दोन्हीकडे चालतो. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी ते पाचवीत भेटायचं. पण कधीही भेटलं तरी आपण ते शब्दाला शब्द लावूनच शिकलो. 'सिन्स म्हणजे पासून.' त्या जोडीत अर्धंच खरं आहे.

पासूनच्या आधी काय आलंय ते बघा. त्याच्यावर कॅलेंडरमध्ये किंवा घड्याळात बोट ठेवता येतं का? सोमवार, सकाळी सहा, 2019, लग्न, ऑपरेशन: बोट ठेवता येतं, तर 'सिन्स'. तीन दिवस, आठ वर्षं, बराच वेळ: इथे बोट ठेवता येत नाही, मोजावं लागतं, तर 'फॉर'. काही डॉक्टर केसपेपरवर फीवर लिहून पुढे गुणाकाराची फुली मारतात आणि 3 डेज लिहितात. ती फुली मोजणीची आहे, तिचं वाचन 'फॉर' असंच होतं. सिस्टरला हे सांगितल्यावर ती फुली तिच्या चांगलीच लक्षात राहिली.

याच वाक्यात दुसरी गोष्टही बिघडते. मराठीत ताप "आहे", म्हणून आपण 'हॅज' लिहितो. पण मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरत नाही. 'द पेशंट हॅज हॅड अ फीवर फॉर थ्री डेज.' "मी इथे आठ वर्षं काम करतेय" हे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर एट इयर्स' होतं, 'आय ॲम वर्किंग' होत नाही. म्हणजे 'पासून' दिसला की दोन ठिकाणी थांबायचं: शब्दापाशी आणि क्रियापदापाशी.

होता, होती, होतं

"काल मी तुम्हाला फोन केला होता." यातून 'आय हॅड कॉल्ड यू यस्टर्डे' येतं. व्याकरणाच्या पुस्तकात हा काळ असतो, म्हणून ते चुकीचं आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो हे ऐकून थांबून राहतो. 'हॅड' म्हटलं की त्याला भूतकाळातली दुसरी एक घटना हवी असते, जिच्या आधी हे घडलं. ती येत नाही आणि त्याच्या कानाला वाक्य अर्धवट वाटतं.

मराठीत 'होता' वेगळं काम करतो. घडून गेलेली गोष्ट आपण नुसती परत समोर ठेवतो, आठवण देतो. तेवढ्यासाठी इंग्रजीत साधा भूतकाळ पुरतो. म्हणून आधी मराठी वाक्यातून 'होता' काढून बघा: "काल मी तुम्हाला फोन केला." अर्थ तोच राहिला ना? मग 'आय कॉल्ड यू यस्टर्डे.' आता हे बघा: "डॉक्टर यायच्या आधीच तिला उलटी झाली होती." इथे डॉक्टरांचं येणं ही दुसरी घटना वाक्यातच आहे. हे 'शी हॅड व्हॉमिटेड बिफोर द डॉक्टर केम.' वाक्यात 'आधीच' खरोखर बसत असेल, तरच 'हॅड'.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. जुना एक रिपोर्ट घ्या आणि त्यातल्या प्रत्येक 'हॅड'खाली रेघ मारा. माझ्या वर्गात एका पानावर नऊ रेघा आल्या होत्या, त्यातल्या दोनच राहिल्या.

हो, नाही

ही चूक लिहिताना दिसत नाही, बोलताना घडते, आणि वॉर्डात ती सगळ्यात धोक्याची आहे. सरावात मी ड्युटी बदलताना येणारी नर्स झाले होते. मी विचारलं, 'हॅजन्ट शी ईटन?' सिस्टर म्हणाली, 'येस.' तिच्या मनात होतं, "हो, नाही खाल्लं." मराठीत आपण समोरच्याच्या म्हणण्याला हो म्हणतो. इंग्रजीत उत्तर घटनेकडे बघून दिलं जातं: खाल्लं असेल तर 'येस', नसेल तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. ऐकणारी नर्स समजणार की पेशंटने खाल्लं आहे, आणि पुढे इन्सुलिन द्यायचं असेल तर?

यावर नियम पाठ करून भागत नाही, कारण बोलताना विचार करायला वेळ नसतो. नकारार्थी प्रश्न आला की 'येस' किंवा 'नो' म्हणायचंच नाही. थेट घटना सांगायची: 'शी हॅजन्ट ईटन सिन्स लास्ट नाइट.' फोनवर काम करणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

च

"कालच आले" म्हणून 'आय केम यस्टर्डे ओन्ली.' "आजच पाठवा" म्हणून 'सेंड टुडे ओन्ली.' आपला 'च' एवढासा, पण त्याने केवढा जोर देता येतो. 'ओन्ली'चं काम मात्र बाकी सगळं वगळायचं असतं. 'द कीज आर विथ मी ओन्ली' हे ऐकणाऱ्याला "चाव्या फक्त माझ्याकडे, दुसऱ्या कुणाकडेच नाहीत" असं ऐकू जातं. तुम्हाला म्हणायचं होतं "माझ्याकडेच आहेत, शोधू नका."

इंग्रजीत हा जोर बहुतेक वेळा आवाजातून जातो: 'आय हॅव द कीज' म्हणताना 'आय'वर वजन. लिहिताना नेमकी वेळ द्या: 'बाय फाइव्ह टुडे.' बऱ्याचदा काहीच घालायचं नसतं. "कालच आले" हे 'आय ओन्ली केम यस्टर्डे' होतं, पण तेव्हाच जेव्हा तुम्हाला "फार दिवस नाही झाले" असं म्हणायचं असतं. मराठीतला 'च' काढून वाक्य वाचा आणि काय हरवलं ते स्वतःला विचारा. काही हरवलं नसेल तर 'ओन्ली'ही नको.

अ, ॲन, द

इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण या तीन शब्दांपुढे शिकलेली माणसंही हात टेकतात. "मराठीत आर्टिकल नसतात, त्यामुळे आपल्याला ते कधीच जमणार नाही" असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. शब्द नसतील, पण 'अ' आणि 'द' मधला फरक मराठीत रोज होतो. हे बघा:

"मी डॉक्टर शोधतेय." "मी डॉक्टरांना शोधतेय."

पहिल्या वाक्यात कुठलाही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात एक ठरलेले डॉक्टर आहेत, मघाशी राउंडला आलेले. पहिलं 'अ डॉक्टर', दुसरं 'द डॉक्टर'. हा फरक करायला आपल्याला कुणी शिकवलं नाही, चार वर्षांचं पोरही तो करतं. म्हणजे जाण आहे, फक्त ती इंग्रजीकडे वळवायची आहे.

नामाच्या आधी मराठीत 'एक' किंवा 'एखादा' बसतो का ते बघा. बसला तर 'अ'. 'तो, ती, ते' बसतं का, म्हणजे ऐकणाऱ्यालाही माहीत असलेलं? तर 'द'. दोन्ही बसत नसेल तर मोकळं सोडा. सिस्टरच्या कागदावरची दोन वाक्यं आम्ही अशीच सोडवली: "पेशंटला जखम आहे. जखमेतून पू येतोय." पेशंट? तो पेशंट, ज्याच्याबद्दल बोलतोय: 'द'. जखम? एक जखम, आत्ताच सांगतोय: 'अ'. दुसऱ्या वाक्यातली जखम? ती जखम: 'द'. पू? 'एक पू' नाही, 'तो पू' नाही: काही नको. झालं: 'द पेशंट हॅज अ वूंड. द वूंड इज डिस्चार्जिंग पस.' तिने पेन खाली ठेवलं आणि पुढची चार वाक्यं तोंडीच सोडवली.

ही युक्ती फसते कुठे तेही सांगायला हवं. मराठीत "एक सल्ला" म्हणता येतं, इंग्रजीत 'ॲन ॲडव्हाइस' म्हणता येत नाही. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'फर्निचर', 'लगेज', 'सॉफ्टवेअर' हे शब्द इंग्रजीत मोजले जात नाहीत. त्यांना 'अ' नाही आणि शेवटी 'स'ही नाही. 'इक्विपमेंट्स' आणि 'सॉफ्टवेअर्स' आपल्या ऑफिसांत सर्रास लिहिले जातात. इथे एकच उपाय, यादी करून ती डोळ्यांसमोर ठेवणं.

हॉस्पिटलचं आणखी वेगळं. ब्रिटनमध्ये 'माय मदर इज इन हॉस्पिटल' म्हणजे आई दाखल आहे. 'माय मदर इज इन द हॉस्पिटल' म्हणजे ती त्या इमारतीत आहे, कदाचित कुणाला भेटायला गेली असेल. अमेरिकेत दाखल असली तरी 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. तुम्हाला कुठे जायचं आहे त्यावर हे ठरतं.

'अ' की 'ॲन' या प्रश्नाला मात्र आपल्याकडे फार सोपं उत्तर आहे, आणि ते मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात मिळालं नाही. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. स्पेलिंगकडे बघूच नका. 'अवर' अ-ने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिफॉर्म' य-ने, म्हणून 'अ युनिफॉर्म', आणि 'अ युरिन सॅम्पल'. 'एमआरआय' आणि 'एक्स-रे' ए-ने, म्हणून 'ॲन एमआरआय', 'ॲन एक्स-रे'. 'वन-डे मॅच' व-ने, म्हणून 'अ वन-डे मॅच'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लपलेला उच्चार देवनागरी सरळ दाखवते.

व आणि व्ह

इथेही आपली लिपी मदतीला येते. मराठीत आपण व्हॅन, व्हायरस, व्हेंटिलेटर, व्हॉल्व्ह असं लिहितो आणि वॉर्ड, वॉटर, वाइप असं लिहितो. म्हणजे इंग्रजीतले दोन वेगळे आवाज आपण कागदावर वेगळे ठेवले आहेत. बोलताना मात्र 'व्ह'मध्ये ह-चा श्वास घालतो, आणि तो तिथे नको आहे. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि हवा घासून जाऊ द्या. 'वॉर्ड' म्हणताना ओठ शिट्टीसारखे गोल करा, दात कुठेच लागू देऊ नका. पाच मिनिटं आरशासमोर पुरेत. फक्त एक खाचखळगा आहे: 'व्हीलचेअर', 'व्हाइट', 'व्हॉट' आपण व्ह-ने लिहितो, पण हे शब्द आज बहुतेक ठिकाणी गोल ओठांनीच उच्चारले जातात. तिथे दात लावायचे नाहीत.

इंग्रजीच शब्द, पण आपला अर्थ

यातले काही शब्द महाराष्ट्रात अगदी बरोबर आहेत आणि त्यांची लाज वाटायचं कारण नाही. 'प्रीपोन' इथे सगळ्यांना कळतं आणि आता मोठ्या शब्दकोशांतही आहे. प्रश्न ऐकणारा कुठला आहे एवढाच. मँचेस्टरच्या वॉर्डात हे शब्द बदला:

'आय हॅव अ डाउट, डॉक्टर' म्हटलं की डॉक्टरांना वाटतं तुमचा त्यांच्या निर्णयावर विश्वास नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. 'द पेशंट इज सिरीयस' म्हणजे तिकडे पेशंट गंभीर स्वभावाचा आहे, थट्टा करत नाही. तुम्हाला हवं आहे 'क्रिटिकली इल'. 'आय पास्ड आउट इन 2015' म्हणजे 2015 मध्ये तुम्ही बेशुद्ध पडलात, म्हणून 'आय ग्रॅज्युएटेड'. 'लूज मोशन्स'ऐवजी 'डायरिया'. आणि 'एक्स्पायर्ड' औषधाच्या बाटलीवर शोभतं. माणसासाठी 'डाइड' किंवा नातेवाइकांशी बोलताना 'पास्ड अवे' म्हणा.

प्रत्ययांचीही एक छोटी जत्रा असते: "च्याशी लग्न" म्हणून 'मॅरीड विथ', पण हवं 'मॅरीड टू'. "च्यावर रागावली" म्हणून 'अँग्री ऑन', पण हवं 'अँग्री विथ'. "च्याबद्दल चर्चा" म्हणून 'डिस्कस अबाउट', पण 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. "मला समजावा" म्हणून 'एक्स्प्लेन मी', पण हवं 'एक्स्प्लेन इट टू मी'. हे जोडीनेच पाठ करावे लागतात, दुसरा रस्ता नाही.

जरा आणि का

शेवटची तक्रार सिस्टरची नव्हती, माझी होती. सरावात ती पेशंटला म्हणाली, 'ओपन युअर माउथ. टर्न.' ही मुलगी मराठीत आजीला "आजी, जरा तोंड उघडता का?" म्हणते, इतक्या मायेने की आजी लगेच ऐकतात. इंग्रजीत मात्र ती पोलिसासारखी बोलत होती.

कारण असं की मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'उघड' आणि 'उघडा' यात एका कान्याचा फरक, त्यात सगळं आलं. इंग्रजीच्या 'ओपन'मध्ये तो काना नाही. मग काही जण 'काइंडली' घालतात, पण 'काइंडली ओपन युअर माउथ' सूचनाफलकासारखं वाटतं. आपल्याकडे दुसरा प्रकारही आहे, "उघडता का?", "वळता का जरा?" भाषांतर त्याचं करा. "का?" साठी 'कुड यू', "जरा" साठी 'जस्ट', आणि ब्रिटिश नर्सेस सारखं वापरतात ते 'फॉर मी': 'कुड यू जस्ट टर्न ऑन्टू युअर साइड फॉर मी?' हे म्हणताना तिचा चेहराही मराठी बोलतानासारखा झाला.

ईमेललाही हेच लागू आहे. 'सेंड मी द ड्रॉइंग्ज' ऐवजी 'कुड यू सेंड मी द ड्रॉइंग्ज बाय थर्सडे?' विनंती, आणि सोबत ठरलेला दिवस.

रोज काय करायचं

हे सगळं एकदम धरू नका. एका आठवड्याला एकच मराठी शब्द. या आठवड्यात फक्त 'पासून'. रोज रात्री फोनवर दोन मिनिटं इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा, विषय दिवसभरात काय झालं हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऐका आणि फक्त त्या एका शब्दाच्या जागा मोजा. बाकी चुका कानावर आल्या तरी सोडून द्या. माझ्या वर्गातला अनुभव असा की 'पासून' आणि 'होता' दोन-तीन आठवड्यांत वळणावर येतात. 'हो' लवकर सुधारतो, कारण तिथे उत्तरच बदललेलं असतं. 'द'ला मात्र वर्षभर धीर धरावा लागतो.

सिस्टरच्या वहीत आता डाव्या पानावर मराठी शब्द आहेत आणि उजव्या पानावर त्या शब्दाची चूक झाली त्या तारखा. गेल्या पंधरवड्यात 'पासून'समोर एकच तारीख पडली आहे. या सोमवारी तिने 'होता' सुरू केला.